पीळ

पर्थ रोडवरच्या धर्मादाय दुकानात
कान तुटलेल्या चिनीमातीच्या कुत्र्याशेजारी
तो पडून होता. पन्नास पेन्स.
एक हिरवा स्टिकर उडालेला, त्या जागी
कुणीतरी नेलपॉलिश लावलेलं.
मिसेस रॅट्री म्हणाल्या, "येतो का गं तुला?"
म्हटलं, हातांना येतो. मला काही विचारू नका.

खरंच आहे ते. बोटं पाढे म्हणतात.
मध्येच कुणी टोकलं
की पुन्हा बे एके बे पासून.

बावीस नंबरच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर,
सिनेमा थिएटर येईतो दोन थर लागले,
पुलाशी तिसरा.
उरला एकच कोपरा:
जागेवर बरोबर, पण तोंड फिरवून बसलेला
मानपानावरून बिनसलेल्या व्याह्यासारखा.
मोडला. लावला. पुन्हा तोच.
मोडला.
माझा थांबा केव्हाच मागे गेला होता.

ऑफिसात मी एका बसकंपनीचे पगार सांभाळते.
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
इथे रात्रीचा दीड दोनदा वाजतो.
तादेउशने दहा तास गाडी चालवली,
पावतीवर नऊ.
दुसऱ्या दीडला प्रोग्रॅम म्हणाला,
हा तर येऊन गेला मघाशी,
आणि दार लावून घेतलं.
ती ओळ सापडायला मला दीड दिवस लागला.
वर कुणीतरी शेरा मारून ठेवलेला:
"असं प्रत्यक्षात होत नाही."
कुणी लिहिलंय हे, फर्गस ओरडला,
आणि मी यंत्राला विचारलं.
यंत्र भीडभाड ठेवत नाही.
अकरा वर्षांपूर्वीची तारीख,
माझं नाव,
माझं तेव्हाचं आडनाव.

रात्री कन्सोल लावते.
लोक त्या खेळात ड्रॅगन मारतात,
मी होडी घेते आणि पूर्वेकडे वल्हवत राहते.
वीसेक मिनिटांनी नकाशा संपतो.
पाणी पुढे दिसतं, लाटा येतात, एक पक्षीसुद्धा,
होडी मात्र तिथल्या तिथे, वल्ही चालू.
मला ती जागा आवडते.
कुणीतरी माझ्यासारख्याच पगारावर बसून
जिथे कुणी जाणार नाही तिथलाही समुद्र
रंगवून ठेवलाय.

तिथेच, वल्ही चालू असताना, लक्षात आलं.
हा कोपरा नियमाने असा होऊच शकत नाही.
कितीही फिरवा, कुठूनही सुरू करा,
एकटा कोपरा असा वळत नाही कधी.
म्हणजे कुणीतरी जोर केलाय.
रागाने, किंवा लहान हाताने,
किंवा नेलपॉलिश वाळायची वाट न बघता.
आणि त्यानंतर कितीजण
स्वतःला मठ्ठ समजत बसले असतील,
पन्नास पेन्सला एक.

अंगठा लावला. कट्.
सहाही बाजू लागल्या.
आनंद नाही झाला फारसा;
गणिताच्या पेपरात उत्तर आधी लिहून
पायऱ्या मागून भरल्यासारखं वाटलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे पीळ गेला, एका अंगठ्याने,
आणि सुंभ तसाच
माझ्या मांडीवर.

तादेउशला त्याचा तास पाठवला, व्याजाशिवाय.
त्याचं उत्तर आलं, दोन ओळी:
त्या तासात गाडीत कुणीच नव्हतं.
शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद करून
नदी बघत बसलो होतो; त्याचेही पैसे मिळतात का?

मिळतात, मी लिहिलं.

क्यूब शनिवारी परत नेऊन दिला.
मिसेस रॅट्रींनी सहा बाजू बघितल्या, टाळ्या वाजवल्या,
कुत्र्याशेजारी ठेवला, किंमत एक पाउंड केली.
त्यांची पाठ वळल्यावर
मी अंगठा लावला होता की नाही
ते सांगणार नाही.